वावळ्याचं पीठ

निजामपुरा, भिवंडी
२ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

ललिताचा नमस्कार. तुमची नात पोचली, जेवली, आणि आल्या आल्या कोंबड्यांच्या मागे धावली, एवढं तुमच्या शेजारच्या भावनाने फोनवर सांगितलं. तुमच्याशी फोनवर बोलायचं तर मी इथून एवढी ओरडेन की खालचे लूमवाले मशीन बंद करून वर बघतील, आणि तुम्ही तिकडे "कोन? कोन बोलतंय?" करत बसाल. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. आमच्या गल्लीतल्या भाविकचा टेम्पो दापोड्याला माल उतरवून तुमच्याच रस्त्याने जातो. पत्रं त्याच्या हाती देत जाऊ. साक्षरता वर्गात एवढी बोटं झिजवलीत, ती काही तरी कामाला येऊ द्या.

आता खरं सांगते, रागवायचं असेल तर रागवा. प्राजूला मी मनापासून पाठवलेलं नाही. दोन वर्षं तुमचं एकच चाललंय, लूमच्या रुईने पोरीची छाती खराब केली. ह्यांनाही तेच पटलंय. आमच्या गल्लीत कोणी नुसतं शिंकलं तरी रुईवरच नाव जातं, त्यामुळे माझं कोण ऐकणार? मी म्हणत होते की पोर आठ वर्षांची आहे, आईजवळ राहू दे. पण गेल्या महिन्यात दोनदा तिला धाप लागली आणि अख्खी रात्र तिला मांडीवर घेऊन काढली, तेव्हा माझंही तोंड बंद झालं. तुमच्याकडे मोकळी हवा आहे, हे काही मी नाकारत नाही.

दम्याचा निळा पंप सकाळ-संध्याकाळ द्यायचा नाही, तो फक्त धाप लागली की. रोजचा आहे तो तपकिरी. डबीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. ती "बरं वाटतंय" म्हणाली तरी चुकवू नका. ती लबाड आहे, तुमच्यावर गेलीय.

तुमची,
ललिता


१० फेब्रुवारी

ललितास आनंदीबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला मला आख्खी सकाळ गेली. येवढं मुंगीसारखं अक्षर काढतं का कोन? पुढच्या येळेला मोठं लिव.

मी लबाड काय? बरं. असूं दे.

पोर मजेत हाय. काल भाकरी दोन खाल्ल्या, वर सुकट मागितली. तिकडं तुझ्याकडं चिमनीसारखी खाते म्हनून सांगत व्हती. दिवसभर अंगनातल्या वावळ्याखाली खेळते. झाड यंदा जाम फुललंय, पान एक न्हाय, नुसती फुलं. खाली पिवळं पीठ पडतं, सकाळी झाडलं तरी दुपारला परत हायेच. प्राजू त्याची भातुकली करते. मला म्हनते, आजी, हे बेसन हाय, पिठलं कर.

दुपारचं थोडं खोकते. ऊन हाय, डोंगरावरचा कोरडा वारा सुटतो, घसा सुकत असंल. मी मिठाच्या गुळन्या करायला लावते. मंगळवारी आभाळ आलं व्हतं, वारा न्हवता, तवा आख्खा दिस खोकली न्हाय, शेळीसारखी पळत व्हती. रात्रीला गप झोपते. तपकिरी पंप देते, माझ्या हरेशची शप्पथ.

तू उगा जीव टांगनीला लावू नको. मी पाच वाढवलीत.

आनंदीबाई


१४ फेब्रुवारी

आई,

मोठं लिहितेय. दिसतंय ना?

"रात्रीला गप झोपते" हे वाचून मला आधी बरं वाटलं, मग मी ते पुन्हा वाचलं. आई, राग मानू नका. ती रात्री गप आहे की तुम्हाला ऐकू येत नाही? तिचा त्रास वाढला की छातीत शिट्टी वाजते, बारीक. इकडे लूमच्या खडखडाटात मला ती ऐकू येते, कारण माझा कान तिथेच असतो. तुम्ही एक करा. ती झोपली की पाठीवर, खांद्यांच्या मधे, हात ठेवा. आत काही थरथरतं का बघा, आणि मला खरं कळवा. चांगलं वाटावं म्हणून लिहू नका.

मी काल धामणकर नाक्यावरच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले. ह्यांना न सांगता गेले. डॉक्टरांनी मला विचारलं, मुलीला त्रास कधी होतो? मी म्हटलं, थंडी सरता सरता, होळीपर्यंत. ते म्हणाले, "लूम तर बारा महिने चालतात. रुईचा त्रास असता तर पावसाळ्यातही झाला असता." एवढी साधी गोष्ट घरात कोणाच्याच डोक्यात आली नाही. सगळ्या गल्लीने रुई म्हटलं, आम्हीही रुई म्हटलं.

त्यांनी विचारलं, आजूबाजूला ह्याच दिवसांत फुलणारी झाडं कुठली आहेत, त्यांचे परागकण छातीत जात असतील? गल्लीच्या टोकाला, दर्ग्यामागे वावळ्याची दोन झाडं आहेत, मला नावही माहीत नव्हतं, रिक्षावाल्या चाचांनी सांगितलं.

आता तुमचं ते "बेसन" वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये. पोरीला त्या झाडाखाली खेळू देऊ नका.

ललिता


२१ फेब्रुवारी

ललिता,

हात ठेवला.

मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना, तसं आत चाललेलं. मी रातभर हात काढला न्हाय. सकाळी तिला इचारलं, तुला कवापासून व्हतंय? तर म्हनली, आल्यापासून व्हतंय, पन आजीला सांगितलं तर आई परत नेईल. कोंबडीखाली अंडी बसवलीत ना, ती फुटल्याबिगर तिला जायचं न्हाय.

मला तुझा राग आला व्हता. म्हटलं, लूमला काय बोलायचं न्हाय आन् माझ्या झाडाला बोल लावायचा. माझ्या पोरांचा पाळना ह्याच झाडाला. पन मंग चार दिस मीच बघत बसले. मला कान न्हाईत, डोळं हाईत. सकाळी दव पडलेलं असतं तवर ती पिठी झाडालाच चिकटून असते, पोर बरी असते. ऊन चढलं आन् डोंगराकडचा वारा आला की फांद्या धुपाटन्यासारख्या धुरकट व्हतात, घटकाभरात पोर खोकाय लागते. संध्याकाळी खाडीकडचा ओलसर वारा सुटला की परत जरा उतार. म्हंजे तुझा डॉक्टर खरा हाय. मेला, बघितलं न्हाय, सवरलं न्हाय, तरी खरा हाय.

मी गावातल्या मोरूला बोलावलं व्हतं, झाड तोडायला. कुऱ्हाड घेऊन आला. तू सांग, तोडू का? तू व्हय म्हनलीस तर उद्या झाड आडवं असंल. माझी नात मला झाडापरास जास्त हाय.

आनंदीबाई


२६ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले. इतकी वर्षं आपण दोघी एकमेकींना टोमणे मारत आलो. त्यातलं माझं मी सगळं परत घेते, तुमचं तुम्ही ठेवा, तुम्हाला शोभतं.

झाड तोडू नका. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक झाड तोडून काय होणार, कोरड्या वाऱ्यावर हे परागकण कोसच्या कोस जातात, आणि तुमच्या मागचा डोंगर वावळ्यांनी भरलेला आहे. मोरूला चहा पाजून परत पाठवा.

त्यांनी सांगितलं ते असं. ऊन, कोरडी हवा आणि वारा, तिन्ही एकत्र आले की दारं-खिडक्या लावून पोरीला घरात ठेवायचं. दव असताना, ढगाळ असताना, वारा पडलेला असताना बाहेर चालेल. आणि पाऊस पडला तर उत्तमच, पाऊस हवेतलं सगळं धुऊन खाली आणतो. पाऊस आला की खुशाल सोडा तिला. पण फेब्रुवारीत कुठला पाऊस, म्हणा.

मी तिला लगेच न्यायला येणार होते. पण इथेही झाडं आहेतच, आणि डॉक्टर म्हणाले की औषध नीट चालू असेल आणि घरात ठेवणार असाल तर घाई नको, शाळेच्या वाटेवरच्या धुरळ्यापेक्षा तिथे बरी. होळीला लूम बंद राहतील तेव्हा आम्ही दोघं येऊ आणि तिला घेऊनच परतू.

तिला सांगा, आई रागावलेली नाही. पण परत लपवलंस तर पिल्लं काही इकडे आणू देणार नाही.

ललिता


५ मार्च

ललिता,

पिल्लं निघाली. सात. एकाचं नाव तिनं ललिता ठेवलंय, ते सगळ्यांत जास्त वरडतं.

पोर घरात ऱ्हाते, दुपारभर मी दाराला कडी लावते. आधी रडली, आता पिल्लं आत घेऊन बसते. घर सगळं घान झालंय. रातीला हात ठेवते. परवापासून आत शांत हाय. काल तर काहीच न्हाय, नुसतं सरळ वर-खाली. मला येवढं बरं वाटलं की मी उठून देवाला दिवा लावला आन् परत येऊन हात ठेवला.

होळीला तिला हिरवं परकर-पोलकं शिवून आन. माप भावनानं घेतलंय, चिठ्ठी सोबत हाय. पुरनपोळी मी करते, तू येताना फक्त येलची आन.

आनंदीबाई


४ एप्रिल

ललिता,

प्राजू जाऊन महिना व्हत आला. दिवसकार्याला तू आलीस, गेलीस, माझ्याकडं बघितलं न्हाईस. हरेश बोलला ते भावनानं मला लिवून दाखवलं न्हाय, पन त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं. त्यानं बोलावं. त्याचा हक्क हाय.

तुला कळायला पायजे म्हनून लिवते. त्या दिशी संध्याकाळी अवचित आभाळ भरलं. गडगडाट मला ऐकू येत न्हाय, पन जमीन पायाखाली हालली. मी चुलीपाशी व्हते. पोर माझा डोळा चुकवून भाईर गेली. कडी काढून गेली. मी बघितलं तवा उशीर झाला व्हता.

चूक माझी हाय. सगळी माझी हाय. तू तसंच हरेशला सांग.

ह्याचं उत्तर देऊ नको.

आनंदीबाई


निजामपुरा
२० मे

आई,

उत्तर देऊ नको म्हणालात. दीड महिना नाही दिलं. मला पेन हातात धरवत नव्हतं.

तुम्ही खोटं बोललात. भावना गेल्या आठवड्यात नाक्यावर भेटली, तिच्या भावाच्या लग्नाचं कापड घ्यायला आली होती. मला बघून आधी रस्ता बदलायला लागली. मी हात धरला तिचा. मग तिने सांगितलं. पोर डोळा चुकवून गेली नव्हती. पहिले थेंब पडले तसं तुम्हीच दार उघडलंत. तुम्ही भावनाला हाक मारून सांगितलंत, "सुनेचं पत्र आलंय, पाऊस आला की खुशाल सोडा म्हनून." तुम्ही आणि प्राजू अंगणात होतात. ती गारा वेचून तुमच्या पदरात टाकत होती. इतक्या दिवसांनी बाहेर आली म्हणून गोल गोल फिरत होती.

मी लिहिलं होतं ते. "पाऊस आला की खुशाल सोडा तिला." माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात, तुम्हाला नीट वाचता यावं म्हणून.

मी डॉक्टरांकडे जाऊन भांडले. बाकीचे पेशंट बघत होते, बघू देत. ते खाली बघत ऐकत राहिले. मग म्हणाले की संथ पाऊस धुऊन नेतो हे खरं आहे. पण वादळ वेगळं. वादळाआधीचा वारा डोंगरभरचं सगळं खाली जमिनीलगत ढकलतो, आणि हवा एकदम ओली झाली की ते कण फुगून फुटतात, एकेकाचे शेकडो बारीक तुकडे होतात. कण नाकात-घशात अडकतो, तुकडे थेट छातीच्या तळाशी जातात. छाती पंपालाही तेव्हा दाद देत नाही कधी कधी. ते म्हणाले, "मी पुस्तकात वाचलंय, माझ्याकडे असा पेशंट कधी आला नव्हता. मार्चमध्ये असं वादळ येईल हे माझ्या मनातच आलं नाही." आणि त्यांनी चष्मा काढला. मला त्या माणसाला अजून बोलायचं होतं, पण मी उठून घरी आले.

खोटं का बोललात? ह्यांनी दिवसकार्यात सगळ्यांसमोर तुम्हाला म्हातारी म्हटलं, पोरीला खाल्लंस म्हटलं. तुम्ही पदर डोक्यावर ओढून ऐकत बसलात. तुमच्याकडे माझं पत्र होतं. का नाही दाखवलंत?

आणि एक सांगा. मला दुसरं काही नको. शेवटी ती काही बोलली का?

ललिता


२८ मे

ललिता, माझ्या बाय,

भावनाच्या जिभेला हाड न्हाय. असूं दे.

का खोटं बोलले ते सांगते. मी साठी ओलांडली. हरेश माझ्यावर राग धरून चार वर्सं बोलला न्हाय तरी मी काय, शेळ्या-कोंबड्यांत दिस काढीन. पन तो राग तुझ्यावर गेला तर? तुम्हाला एका खोलीत ऱ्हायचं हाय, एका ताटात वाढायचं-जेवायचं हाय. मी माझ्या पोराला वळखते. त्याला राग ठेवायला जागा लागते. ती जागा मी झाले, त्यात काय येवढं? तुम्ही दोघं एकमेकांना ऱ्हावा. आजून लेकरं व्हतील. हे वाचून तुला माझा राग येईल, पन मी लिवनारच.

तू लिवलंस ते तुला डॉक्टरनं सांगितलं म्हनून. मी दार उघडलं ते तू लिवलंस म्हनून. आन् पोर भाईर गेली ती पोर हाय म्हनून. ह्यात कुनाची मान धरनार?

आता तू इचारलंस ते. न लिवावं असं वाटतं. पन तू आई हाईस.

गारा थांबल्या आन् ती एकदम खाली बसली. मी निळा पंप दिला. परत दिला. भावना धावत मोरूला आनायला गेली, त्याची मोटारसायकल. तवर मी तिला मांडीवर घेऊन घरात बसले. वादळानं लाईट गेलेली. एरवी ती बोलली की मी तिच्या व्हटांकडं बघून समजून घ्यायची, तिची माझी तशी सवय झाली व्हती. त्या दिशी अंधार व्हता. ती बोलत व्हती, ललिता. तिचं तोंड माझ्या गळ्याला लागलेलं, व्हट हालत व्हते ते मला लागत व्हतं. मी म्हनत व्हते, काय गं, काय म्हनतेस, मोठ्यानं बोल. तिच्याच्यानं मोठ्यानं कुठलं व्हनार. मी दिवा शोधाया उठले तर तिनं पदर सोडला न्हाय, म्हनून परत बसले.

मला ऐकू आलं न्हाय. ती काय म्हनली ते मला ठाव न्हाय. मोरूच्या गाडीवर बसवलं तवा ती बोलायची थांबली व्हती.

लोकांना सांगते, कान गेले त्याचं काय वाटत न्हाय. खोटं हाय ते.

हरेशला काय सांगू नको. माझं येवढं ऐक.

आनंदीबाई


निजामपुरा
९ जून

आई,

तुमचं नाही ऐकलं. मी ह्यांना सांगितलं.

शुक्रवारी सांगितलं. शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली इतकी शांत होते की शेजारच्या घरातला कुकर आपलाच वाटतो. ते खिडकीशी बसले होते. तुमचं सगळं पत्र मी मोठ्याने वाचलं, ती मांडीवर होती तेही. मधे मला थांबावं लागलं, तर ते म्हणाले, वाच. शेवटपर्यंत वाचायला लावलं मला. मग मी म्हटलं, "पाऊस आला की सोडा, हे मी लिहिलं होतं. आईंनी तुमच्यापासून लपवलं ते माझ्यासाठी."

मला वाटलं होतं, आता हात उगारतील, नाहीतर चप्पल घालून निघून जातील. मी तयारी ठेवली होती. माझी पिशवी सुद्धा भरून ठेवली होती, तुम्हाला सांगायला काय हरकत.

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, त्याची घडी घातली. मग लहान मुलासारखे रडायला लागले. प्राजू गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, आई. डबल शिफ्ट करत होते, घरी आले की तुम्हाला शिव्या, जेवायचं, परत ड्युटी. त्या दिवशी मी त्यांचं डोकं धरून बसले, आणि ते मला म्हणाले, "आईवर राग होता तोवर मी उभा होतो गं. आता मी रागवू कोणावर? तूच सांग, कोणावर रागवू?"

मी डॉक्टरांवर रागवून बघितलं, वाऱ्यावर, त्या झाडावर, स्वतःवर तर रोजच. एकही राग शेवटपर्यंत टिकत नाही. तिथवर पोचलं की पुढे प्राजू नाही, एवढंच उरतं.

त्यांनी सुट्टी टाकली आहे. शनिवारी सकाळी भाविकच्या टेम्पोतून तुमच्याकडे येतायत. मी येत नाहीये. त्या अंगणात उभं राहायचं बळ माझ्यात अजून नाही, मला ओढू नका. ते तुमच्या पाया पडतील. कदाचित तुम्हालाही तेच विचारतील जे मला विचारलं. तरी त्यांना घरात घ्या, आई.

तुमची,
ललिता